कोल्हापुरातून लॅक्रोसच्या राष्ट्रीय शिबिरापर्यंत : नव्या मुलामुलींसाठी वाट

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच जादा खेळ मंजूर झाले. आपल्याकडे सगळी चर्चा क्रिकेटची झाली. त्याच यादीत लॅक्रोसही होता, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. त्यानंतर शाळेच्या मैदानावर एकेक करत मुलं आणि त्यांचे आईवडील मला विचारू लागले, सर, हा खेळ कसा शिकायचा, आणि देशाच्या शिबिरात जायचं तर अर्ज कुणाकडं करायचा? प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवावं, म्हणून हा लेख. साधारण अकरा ते अठरा वयाची मुलंमुली आणि त्यांच्या घरची माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

बहुतेक जण सुरुवात अर्जापासून करतात. चाचणी कधी, फॉर्म कुठं, फी किती. नव्या खेळात माझा अनुभव असा आहे, की चाचणीची बातमी आपल्यापर्यंत येते तेव्हा हातात थोडेच दिवस उरलेले असतात. तेवढ्या दिवसांत काठी हातात बसत नाही आणि जन्मदाखल्यातली चूकही दुरुस्त होत नाही. म्हणून हात आणि फाइल, या दोन गोष्टी बातमी येण्याआधी तयार पाहिजेत. पुढं जे काही सांगतोय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी खेळ ओळखा

लॅक्रोस हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. हौडेनोशोनी लोक आजही त्याला विधात्याने दिलेला खेळ मानतात. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही तो त्यांच्यात खेळला जातो. हिकरी झाडाच्या लाकडाची, टोकाला वाकवलेली काठी ही त्यांची पारंपरिक काठी. हौद्यात उतरताना पैलवान माती कपाळाला लावतो हे पाहत मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना ही भावना चटकन कळते. काठी जमिनीवर आपटायची नाही, तिच्यावर पाय द्यायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो.

१९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रोस पदकासाठी खेळला गेला आणि दोन्ही वेळा सुवर्णपदक कॅनडाने नेलं. २०२८ ला तो परत येतोय तो ‘सिक्सेस’ या छोट्या, वेगवान रूपात. गोलरक्षक धरून एका बाजूला सहा जण, संघात एकूण बारा. मैदान ७० मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाचा साधारण तिसरा हिस्सा. आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर. चेंडू ताब्यात आला की ३० सेकंदांच्या आत गोलवर फटका मारायचा. गोल झाल्यावर मध्यरेषेवर जाऊन पुन्हा सुरुवात करायची नसते. गोलरक्षक गोलच्या जाळ्यातून चेंडू काढतो आणि खेळ तिथूनच पुढं पळतो.

हे नियम तुमच्या तयारीशी थेट जोडलेले आहेत. पुरुषांच्या मोठ्या मैदानावरच्या लॅक्रोसमध्ये बचावपटूंच्या हातात सहा फुटांपर्यंतची लांब काठी असते आणि कामं वाटलेली असतात. सिक्सेसमध्ये गोलरक्षक सोडला तर प्रत्येकाला पुढंही धावायचं असतं आणि मागंही. ‘मी फक्त गोल मारणार’ म्हणणाऱ्याला तिथं जागा मिळत नाही.

मुलांच्या खेळात अंगाला अंग लागतं, म्हणून हेल्मेट, हातमोजे, खांद्याचं पॅड आणि दातांसाठी माउथगार्ड लागतो. मुलींच्या खेळात धडक द्यायला मनाई आहे. त्यांना डोळ्यांचा संरक्षक गॉगल आणि माउथगार्ड लागतो. चेंडू भरीव रबराचा, साधारण १४५ ग्रॅमचा. गॉगल किंवा हेल्मेट न घालता या चेंडूने सराव करू देऊ नका. पालकांनो, यात तडजोड नको.

राष्ट्रीय विकास कार्यक्रम म्हणजे काय

पोरगं शिबिराला निवडलं गेलं, की पेठेत फलक लागतो ‘भारतीय संघात निवड’. फलक लावणाऱ्यांचं प्रेम मला समजतं, पण शिबिर आणि संघ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिबिर हा विकास कार्यक्रमाचा, म्हणजे पुढचे खेळाडू घडवायच्या तयारीचा भाग असतो. अमेरिकेत यूएसए लॅक्रोस ही संस्था तिथल्या मुलामुलींसाठी असा विकास कार्यक्रम चालवते. आधी विभागवार चाचण्या होतात, मग निवडलेल्यांचं प्रशिक्षण, त्यातून पुढं राष्ट्रीय पातळीवर एकत्र शिबिर. या सगळ्या काळात प्रशिक्षकांची मुलांवर नजर असते, आणि वीस वर्षांखालचा संघ निवडायची वेळ येते तेव्हा त्यांच्यासमोर ओळखीची मुलं असतात. थोडक्यात, हा कार्यक्रम म्हणजे उसाची रोपं तयार करायची नर्सरी. लावण अजून व्हायची असते.

आपल्याकडच्या पायऱ्याही ओळखीच्याच आहेत : जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा, शिबिर, संघ. वर ‘वर्ल्ड लॅक्रोस’ ही जागतिक संघटना आहे आणि भारत तिचा सदस्य आहे. आशियाई देशांसाठी एशिया पॅसिफिक लॅक्रोस युनियन आहे. वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धा अलीकडे आशियातच झाल्या, मुलींची २०२४ मध्ये हाँगकाँगला आणि मुलांची २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर.

उशिरा सुरुवात केली म्हणून खचून जाणाऱ्यांना मी जपानचं उदाहरण देतो. तिथले बहुतेक खेळाडू लॅक्रोसची काठी पहिल्यांदा धरतात ते कॉलेजात गेल्यावर. तरी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड गेम्समध्ये जपानच्या पुरुषांनी सिक्सेसचं कांस्यपदक मिळवलं. तेव्हा नववीत काठी धरणारी मुलगी उशिरा आली, असं कुणी म्हणू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांच्या बाजूची आहे. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाच्या २००८ च्या धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असलेलाच खेळाडू भारताकडून खेळू शकतो. परदेशात वाढलेल्या, तिथलं नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंवर संघ उभा करायचा मार्ग त्यामुळे बंद आहे. संघ घडायचा तो इथल्याच मैदानांवर.

हात तयार करा

कोल्हापुरात लॅक्रोससाठी तयार हात शोधायचे, तर मी आधी मर्दानी खेळांच्या आखाड्यात जाईन. लाठी फिरवणाऱ्या पोराला काठीचं वजन कुठं आहे हे डोळे मिटून कळतं. त्याचं मनगट डावं-उजवं दोन्हीकडं सारखं वळतं, आणि काठी शरीराभोवती फिरत असताना पाय थांबत नाहीत. लॅक्रोसमध्ये चेंडू जाळीत टिकवण्यासाठी काठी सतत हलकी झुलवत पळावं लागतं, त्याला क्रेडलिंग म्हणतात. म्हणजे पाळणा हलवणं. लाठीवाल्यांना ते दोन-तीन दिवसांत जमतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बाकी खेळांतली मुलंही काहीतरी घेऊनच येतात. खो-खो आणि कबड्डीवाल्यांकडं हूल असते. खांदा एका बाजूला टाकून दुसरीकडून निसटणं हे लॅक्रोसमधलं अर्धं आक्रमण आहे. कुस्तीवाल्यांचा गुडघ्यातला वाक आणि जमिनीला धरून राहणारे पाय बचावात कामी येतात. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेल्या मुलांना मोकळी जागा दिसते, चेंडू नसताना कुठं पळायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. हॉकीवाल्यांना मात्र एक सवय मोडावी लागते. हॉकीची काठी एकाच बाजूने आणि एकाच हाताच्या पद्धतीने खेळली जाते, लॅक्रोसमध्ये दोन्ही हात चालले पाहिजेत. शिवाय जमिनीवरचा चेंडू दिसला, की त्यांना तो ढकलावासा वाटतो. इथं तो उचलायचा असतो.

आता सराव. काठीचं खालचं टोक एका हाताच्या मुठीत, दुसरा हात वर, आणि वरच्या हाताची पकड सैल. मूठ आवळली की झेल उडतो. चेंडू येताना काठी थोडी मागं घ्यायची, जसं क्रिकेटमध्ये कडक झेल घेताना हात छातीकडं घेतो. फेकताना वरचा हात पुढं ढकलतो आणि खालचा हात आपल्याकडं ओढतो. जोर या ढकल-ओढीतून येतो, दंड फुगवून येत नाही.

रोजचा गुरू म्हणजे भिंत. खिडकी नसलेली, गुळगुळीत भिंत शोधा आणि ज्यांची असेल त्यांना विचारा. पहिले पंधरा दिवस टेनिसचा चेंडू वापरा. त्याने हात घाबरत नाहीत आणि भिंतवालेही रागावत नाहीत. पाच-सहा पावलांवर उभं राहून उजव्या हाताने पन्नास, डाव्याने पन्नास. मग उजव्याने फेकून डाव्याने झेल. मग चालत. मग चेंडू येण्याआधी मागं वळून बघत, कारण सामन्यात मागं कुणीतरी असणारच आहे. चेंडू पडला की मोजणी शून्यावर. रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज म्हणजे रोज. दुबळा हात चांगल्या हाताच्या दुप्पट चालवा. निवड करणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत एवढंच बघतो, की हिला उजवीकडं कोंडली तर डावीकडून पास जातो का.

जमिनीवरचा चेंडू उचलणं, ज्याला ग्राउंड बॉल म्हणतात, ते वेगळं शिका. कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा. मागचा हात जमिनीच्या जवळ आणा, काठी जवळजवळ आडवी करा आणि चेंडू उचलत पुढं धावत राहा. थांबून उचलायला गेलात की मागचा अंगावर येतो. आपल्या मैदानांची जमीन टणक, खड्यांची; चेंडू वाकडा उसळतो. तो त्रास वाटतो खरा, पण अशा मैदानावर ज्याला उचलता आलं त्याला गवतावर अडचण येत नाही.

पावसाचे चार महिने आपल्याकडं मैदान मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत शाळेचा व्हरांडा, मंगल कार्यालयाचं रिकामं पार्किंग, तालमीची खोली, जे मिळेल ते वापरा. भिंतीच्या सरावाला छत असलं की पुरे. जाळी भिजली की सैल पडते आणि चेंडू खोल बसतो. घरी आल्यावर ती पुसून, आत चेंडू दाबून वाळत ठेवा, म्हणजे आकार राहतो. मुलांच्या काठीत चेंडू इतका खोल जाऊ नये, की त्याचा वरचा भाग कडेच्या पट्टीच्या खालच्या काठाखाली दिसेल. तसं झालं तर पंच काठी बाद करतात.

काठी विकत घेताना घाई करू नका. मुलांच्या छोट्या काठीची लांबी ४० ते ४२ इंच असते. मुलींची काठी वेगळी येते, तिची जाळी उथळ असते. भावाची काठी बहिणीला चालवून घेऊ नका. बाहेरून मागवलेली सुरुवातीची काठीसुद्धा काही हजारांत जाते. पहिले दोन महिने तिघांत एक काठी घेतली तरी बिघडत नाही, भिंतीसमोर पाळीने उभं राहा. पूर्वी या काठ्यांची जाळी चामड्याच्या पट्ट्यांनी विणायचे. आपल्या चप्पल कारागिरांच्या हातात ती कला आजही आहे, आणि एखादा मुलगा त्यांच्याकडून विणकामाची गाठ शिकून आला तर मला फार आनंद होईल. सध्या मिळते ती नायलॉनची तयार जाळी, आणि ती काठीला बसवायला प्रत्येकाने शिकलंच पाहिजे.

सोबती जमवा

भिंत झेल शिकवते, खेळ शिकवत नाही. एका बाजूला सहा, म्हणजे खरा सराव करायचा तर किमान बारा जण हवेत. यासाठी कोल्हापूरसारखी जागा नाही. प्रत्येक पेठेत तालीम आहे, तरुण मंडळ आहे. फुटबॉलचा हंगाम चालू नसताना त्यांच्याकडं पोरं असतात, संध्याकाळ असते आणि एखादा कोपरा असतो. नवी संस्था काढायच्या मागं लागू नका. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी असलेल्या मंडळाला लॅक्रोसचा एक गट सुरू करायची विनंती करा. पत्रव्यवहाराला नोंदणी क्रमांक लागतो, बँकेत खातं लागतं, ते त्यांच्याकडं आधीच असतं.

गटात मुली पहिल्या दिवसापासून घ्या. ऑलिंपिकमध्ये मुलींच्याही मुलांइतक्याच संघांना जागा आहे. आणि सुरक्षित वेळ, जायला-यायला सोबत, कपडे बदलायला खोली, एवढं आधी ठरवा. या तीन गोष्टी नसल्या की आठवी-नववीतल्या मुली खेळ सोडतात, आणि नंतर म्हणतात मुलींना आवड नाही.

फाइल

माझ्या शाळेतली एक मुलगी दुसऱ्या एका खेळाच्या राज्य निवडीला गेली होती. तिथं टेबलावरूनच परत पाठवली. तिच्या जन्मदाखल्यावर आईवडिलांचं नाव होतं, तारीख होती आणि मुलीच्या नावाची जागा रिकामी. जन्म दवाखान्यात झाला, नोंद झाली, बारशानंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. असे दाखले आपल्या घराघरांत आहेत. आजच कपाट उघडा आणि बघा. नोंदणी झाल्यापासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. शहरात जन्म असेल तर महापालिकेत, गावात असेल तर ग्रामपंचायतीत.

मग जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर तिन्ही शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त असेल तरी आत्ताच दुरुस्त करा. जन्मदाखला मूळ धरायचा आणि बाकीचे त्याच्याप्रमाणे बदलायचे, उलट नाही.

वय कमी दाखवायचा मोह काही घरांत होतो. कृपा करून तसं करू नका. क्रीडा मंत्रालयाची वयचोरीविरुद्धची आचारसंहिता २०१० पासून लागू आहे. शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय तपासतात, आणि सापडलं तर बंदी येते. पोराचा दोष नसतो, शिक्षा त्याला होते.

पासपोर्ट लगेच काढा, बोलावणं येण्याची वाट बघू नका. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. अठराखालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांची संमती लागते आणि लहान मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचाच असतो, तेव्हा संपण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. बरेच देश प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात.

याशिवाय शाळेचा बोनाफाइड, रक्तगट, नोंदणीकृत डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, पालकांचं संमतीपत्र आणि फोटो. केंद्र सरकारच्या नॅशनल स्पोर्ट्स रिपॉझिटरी सिस्टीम या पोर्टलवर खेळाडूची नोंदणी करता येते, ती करून क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. सगळ्याचे स्कॅन आईच्या किंवा वडिलांच्या मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये.

दार कुठलं, आणि पैसे कुणाला

वर्ल्ड लॅक्रोसच्या संकेतस्थळावर सदस्य देशांची यादी आहे. भारताच्या नावापुढं जी संस्था दिलेली आहे, तिच्याकडूनच सुरुवात करा. तिथून महाराष्ट्राचं काम कोण बघतं हे विचारा, लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पत्रात गाव, गटातल्या मुलामुलींची संख्या, वयोगट आणि किती महिन्यांपासून सराव चालू आहे हे लिहा. ‘आम्हाला संधी द्या’ एवढंच लिहिलेल्या पत्रापेक्षा ‘आमच्याकडं चौदा वर्षांखालच्या नऊ मुली आहेत, जूनपासून आठवड्यातून पाच दिवस सराव आहे’ हे पत्र वाचलं जातं. दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडा : भिंतीवर दोन्ही हात, एक ग्राउंड बॉल, धावत पास. संगीत नको, कापाकापी नको.

दुसरं दार जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं. त्या वर्षीच्या शालेय स्पर्धांच्या यादीत कोणकोणते खेळ आहेत, दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी कोणते खेळ धरले जातात, हे तिथं विचारा आणि अर्जाची पोच घ्या. नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण मनात धरून पुष्कळ पालक येतात. ते आरक्षण शासनाच्या यादीतल्या खेळांना आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धांनाच लागू होतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून होते. हातातला कागद छापील आणि रंगीत आहे म्हणून तो चालेलच असं नाही.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका खेळात, माझ्या ओळखीच्या एका घराने मुलाला ‘राष्ट्रीय’ स्पर्धेला पाठवायला उसाच्या बिलातले पैसे दिले. स्पर्धा झाली, पदकही मिळालं. पुढं कळलं, भरवणाऱ्या संस्थेला कुणाचीच मान्यता नव्हती. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पैसे मागणाऱ्या प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. तुमची संस्था कोणत्या राष्ट्रीय संघटनेला जोडलेली आहे, तिचं पत्र दाखवा. पैसे संस्थेच्या बँक खात्यात भरायचे, की कुणाच्या मोबाइल नंबरवर? पावती कोणत्या नावाने मिळेल? संस्थेच्या खात्यात भरा, पावती घ्या. ‘निवड पक्की करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाशी बोलणं तिथंच थांबवा, तो कितीही ओळखीतला असला तरी.

२०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला आहे. क्रीडा संघटनांना मान्यता देण्याचं काम त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळाकडं सोपवलेलं आहे. त्यामुळे मान्यता नव्याने तपासली जाईल. वर्षातून एकदा तरी मान्यताप्राप्त संघटनांची सरकारी यादी बघत जा.

चाचणीचा दिवस

आदल्या दिवशी पोहोचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर बसून सकाळी थेट मैदानावर गेलेला मुलगा पहिल्या धावेतच मागं पडतो. शक्य असेल तर एक रात्र नातेवाइकांकडं काढा. सकाळी नेहमीचंच खा. धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या मुलांना त्या दिवशी कुणी भरीला घातलं म्हणून भलतंच शेक प्यायला देऊ नका.

बहुधा आधी शारीरिक चाचण्या होतात : छोटी स्प्रिंट, दिशा बदलत धावणं, उडी, दमसास. शाळेत खेलो इंडियाच्या फिटनेस तपासणीत ५० मीटर आणि ६०० मीटर धावणं होतंच, ते आकडे वहीत ठेवा आणि दर महिन्याला घरच्या घरी तेच परत मोजा. सिक्सेसला लांब पळणारा नको असतो. वीस-तीस मीटर पूर्ण वेगात, थोडी उसंत, परत वीस-तीस मीटर, असं वारंवार पळू शकणारा हवा असतो. आठवड्यातून दोनदा विभागीय क्रीडा संकुलावर किंवा जवळच्या मैदानावर अशा दहा-दहा धावा मारा.

मग खेळायला लावतात. इथं आपली पोरं एक चूक हमखास करतात : चेंडू मिळाला की सगळं कौशल्य त्याच वेळी दाखवायला जातात. बघणारे चेंडू नसलेल्याकडं जास्त बघतात. पास दिल्यावर तू उभा राहिलास की मोकळ्या जागेत गेलास? चेंडू गमावल्यावर हात कंबरेवर ठेवलेस की मागं धावलीस? बचावात तोंड चालू आहे का? आवाज देणारा खेळाडू प्रशिक्षकाला लगेच दिसतो, आणि आवाजात कोल्हापूरकरांना कुणी हरवू नये. हिंदी, इंग्रजी येत नाही म्हणून गप्प राहू नका. ‘बॉल’, ‘लेफ्ट’, ‘राइट’, ‘हेल्प’ या चार शब्दांवर सामना निघतो.

पंचांचा निर्णय चुकला तरी काठी खाली, चेंडू दे, पुढं.

औषधं आणि पावडरी

शिबिरात गेलेल्या खेळाडूची उत्तेजक चाचणी होऊ शकते. जिममधली डबीवरची नावं नीट न छापलेली पावडर, ताकदीची म्हणून मिळणारी पुडी, हे सगळं बंद. सर्दी-खोकल्याचं औषध घेण्याआधीही डॉक्टरांना सांगा की मुलगा स्पर्धेत खेळतो. नाडा, म्हणजे उत्तेजकांविरुद्ध काम करणारी राष्ट्रीय संस्था, तिचं ‘नो युवर मेडिसिन’ नावाचं ॲप आहे, त्यात औषध प्रतिबंधित आहे का ते पाहता येतं. दम्याचा पंप वापरत असाल तर डॉक्टरांची कागदपत्रं फाइलला लावा. प्रतिबंधित यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते.

नाव आलं, नाव नाही आलं

नाव नाही आलं तर त्याच दिवशी, शांतपणे, प्रशिक्षकांना एकच प्रश्न विचारा : पुढच्या वेळी येताना माझ्यात कोणती एक गोष्ट बदललेली दिसली पाहिजे? पालकांनी नको, खेळाडूनेच विचारायचं. उत्तर तारीख घालून वहीत लिहा. गटात परत आलात की तिथं काय काय घेतलं ते सगळ्यांना करून दाखवा, कारण गटातल्या बाकीच्यांनी ती चाचणी पाहिलेली नाही.

नाव आलं तर मुख्याध्यापकांना पत्र द्या, गैरहजेरीचे दिवस आणि राहिलेल्या परीक्षा लेखी ठरवून घ्या. शिबिरात राहण्या-जेवणाचा खर्च कोण करतं, विमा आहे का, मुलींसोबत महिला व्यवस्थापक आहे का, हे निघण्याआधी विचारणं हा पालकांचा हक्क आहे, त्यात संकोच नको. पिशवीत दोन माउथगार्ड, जुने झालेले पण पायात बसलेले बूट, मूळ कागद वेगळ्या पाकिटात आणि झेरॉक्स वेगळ्या. काठीसाठी एक जादा जाळी आणि दोऱ्या न्या. ऐन सरावात दोरी तुटली तर तिथं दुरुस्त करून देणारा कुणी भेटेल असं धरून चालू नका. जाळी बसवायला इथंच, चार वेळा उसवून चार वेळा बांधून, शिकून जा.